मानाच्या रांगेतला थोरला जावई

कृष्णात हुबालेचा जन्म रांगेत झाला. त्याची आई कराडला दवाखान्याच्या बाकड्यावर आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत बसली होती, आणि नंबर लागायच्या आत कृष्णातच आला. नंबर सोडून त्यानं आयुष्यात केलेली ही पहिली आणि शेवटची गोष्ट. तिचीच भरपाई म्हणून की काय, पुढं जन्मभर तो नंबरानं वागला.

नोकरीही त्याला तशीच मिळाली. कराडच्या पुढं एका साखर कारखान्यात ऊसगाड्यांच्या तळावर तो टोकन द्यायचा. हंगामात तिथं बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची अशी रांग लागायची, की पहिल्या गाडीवाल्याच्या उसाची साखर होऊन ती चहात पडली तरी शेवटचा गाडीवाला रस्त्यातच बैलांना वैरण टाकत असायचा. प्रत्येकाला घाई. कुणी म्हणायचा घरी बैल आजारी आहे, कुणी म्हणायचा बायको आजारी आहे, आणि बैलवाल्यांचा आवाज जास्त कापरा असायचा. कृष्णात सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, सगळ्यांना बसायला पोतं द्यायचा आणि सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, "नंबर आला की जावा." कुणी पिशवीतनं कोंबडा आणलाच, तर कोंबड्याला पाणी पाजून मालकासकट परत पाठवायचा. खुद्द त्याच्या चुलत्याची गाडी एकदा अशीच रांगेत वाळत उभी राहिली. चुलत्यानं बोलणं टाकलं. "बोलंल की," कृष्णात म्हणाला, "त्याचा नंबर आला की बोलंल."

असा माणूस सुखी असायला काही हरकत नव्हती. पण त्याला एक साडू होता.

भावाशी पटलं नाही तर वाटणी मागता येते. मित्राशी पटलं नाही तर दुसरा रस्ता धरता येतो. साडूचं तसं नाही. एकाच घरातनं दोघांनी दोन बायका आणलेल्या असतात, आणि त्या बहिणी भेटल्या, की दोन्ही नवरे मनातल्या मनात शेजारी उभे करून त्यांची उंची बघतात. कृष्णातची बायको शालन थोरली. धाकटी मालन, आणि मालनचा नवरा नानासो.

नानासोचं पलूसला मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळली की भलाभला माणूस त्याच्या दारात हात जोडून उभा राहायचा, कारण मागं पीक वाळत असायचं. नानासो प्रत्येकाला बाजूला घेऊन कानात सांगायचा, "तुमची आधी करतो, कुणाला बोलू नका." त्यामुळं डॉक्टर, टेलिफोनचा लाइनमन, गॅसच्या एजन्सीतला माणूस आणि थेटरचा डोअरकीपर हे सगळे एकाच वेळी त्याच्या उपकाराखाली होते. रांग ही वस्तू नानासोला फक्त बाजूनं जाताना दिसायची.

कृष्णातनं फोनला अर्ज केला तेव्हा नानासोच्या डोक्यात फोनचा विचारही नव्हता. पण घंटी आधी वाजली ती नानासोच्या घरी. पहिला फोन त्यानं केला तो कृष्णातला, आणि कृष्णातकडे फोन नसल्यामुळं कारखान्याच्या ऑफिसात. शिपायानं त्याला तळावरनं पळवत आणलं. घरचं कोण गेलं या भीतीनं कृष्णातनं रिसीव्हर कानाला लावला.

"काय न्हाई साडूभाऊ," पलीकडनं नानासो म्हणाला, "आमचा फोन आला. लागतोय का ते बघत हुतो."

"ऐकू येतंय," एवढंच कृष्णात म्हणाला, आणि त्या दिवशी त्यानं बैलांशीसुद्धा कुणाला मोठ्यानं बोलू दिलं नाही.

गॅसचं तेच. स्कूटरचं तेच. सांगलीला शालनचे डोळे तपासायला नेलं, तर दवाखान्याच्या बाकड्यावर त्यांच्या देखत नानासो मागच्या दारानं आत गेला, पुढच्या दारानं बाहेर आला आणि "बसा, बसा, लागंल नंबर" म्हणून शेंगदाण्याची पुडी देऊन गेला. शालननं शेंगदाणे खाल्ले. कृष्णातनं त्यातला एकही तोंडात घातला नाही. एवढंच कशाला, नानासोचं लग्न कृष्णातच्या मागनं झालं आणि मुलगा कृष्णातच्या आधी. त्यात कुणाची ओळख लावली असेल, हे कृष्णातला कळत नव्हतं, पण संशय होता.

"तुमच्या पोटात दुखतंय," शालन म्हणायची.

"माझ्या कशाला दुखंल? मी नियमाचं बोलतुय."

"नियमानं माणसाचं जेवान जात न्हाई."

कृष्णात मग मुद्दाम एक भाकरी जास्त खायचा, आणि त्याचं पोट खरंच दुखायचं.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडे होती आणि नानासोकडे नव्हती. तो थोरला जावई होता. या रांगेत नानासोनं कुणाचीही मोटार भरून दिली तरी त्याला पुढं सरकता येणार नव्हतं. म्हणून सासुरवाडीची जत्रा आली की कृष्णातच्या चालण्यात फरक पडायचा.

सासुरवाडी म्हणजे आटपाडीच्या पलीकडची ढोलेवाडी. माळरान, मेंढरं, आता कुठं कुठं डाळिंब, आणि मधे बिरोबाचं देऊळ. जत्रेला दोन्ही जावई सहकुटुंब यायचे. सासूबाई हरणाबाई पहिलं ताट थोरल्या जावयापुढं ठेवायच्या, आणि मग कशी कोण जाणे, मटणातली नळी धाकट्याच्या ताटात निघायची. सत्त्याण्णव सालच्या जत्रेतही तसंच झालं, आणि कृष्णात नळीकडे न बघता ती बघत असतानाच नानासो बोलला.

"मामी, यंदा तुमाला पाळण्यात बसवतुय मी. पाळणंवाल्याची मोटार मीच भरून दिलीया. आपण गेलो की उभा करतोय बघा."

हरणाबाईंची ही जुनी इच्छा. जत्रेत उंच पाळणा यायला लागल्यापासून त्या दर साली तिथवर जायच्या, रांग बघायच्या आणि गुडघे धरून परत यायच्या. सगळा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. चालून झालं होतं, वर जायचं राहिलं होतं.

कृष्णातचा घास तोंडात राहिला. "मामीला मी बसवणार हाय," तो म्हणाला. "थोरल्याचा मान हाय त्यो."

"मान तुमचाच, साडूभाऊ. पर तुमी रांगंत उभं ऱ्हाणार. तवर पाळणा सोडून पाळणंवाला पुढच्या जत्रंला जाईल."

मालन हसली. मेव्हणा बिराप्पा हसला. ते चाललं असतं, पण शालनही हसली. कृष्णातनं ताटाकडे बघून ठरवलं, की आज मामी पाळण्यात बसणार ती आपल्या हातानं, नानासोच्या आधी, आणि सगळ्या ढोलेवाडीच्या देखत.

"कुणीबी बसवा, पर बसवा," हरणाबाई म्हणाल्या. "वरनं मला आपला बांध बघायचाय. भावकीनं किती सरकावलाय ते खालनं ध्येनात येत न्हाई."

"आये, तलाठ्याला बोलवू की," बिराप्पा म्हणाला.

"तलाठी बी खालनंच बघतोय."

नानासो हात धुतल्या धुतल्या पुढं गेला. पण देव त्या दिवशी थोरल्या जावयाच्या बाजूला होता. नेहमीचा पाळणेवाला यंदा आलाच नव्हता. मिरजेकडचा बाळासो म्हणून कुणी नवाच आला होता, आणि त्याचा पाळणा चालत होता डिझेल इंजिनावर. मोटार नव्हतीच. नानासोनं इंजिनाला एक प्रदक्षिणा घातली, उपकार करायला कुठं जागा मिळते का बघितली, आणि बाळासोला ओळखणारं कुणी सापडतं का ते शोधायला मालनला घेऊन जत्रेत शिरला. ज्या माणसाला कधी रांगेत उभं राहावं लागलं नाही, त्याला रांगेत आधी जाऊन उभं राहायचं असतं, एवढी साधी गोष्टही माहीत नसते.

मागोमाग कृष्णात, शालन आणि हरणाबाई पाळण्यापाशी पोचले, तर भोंग्यावर बाळासो सांगत होता, "मानकऱ्यांनी गर्दीत थांबू नये. मानाचं पिवळं तिकीट, दुप्पट दर, वेगळी रांग. मानाच्या रांगेला वाट बघणं नाही."

बाळासो हुशार माणूस. मोठी माणसं रांग बघून परत जातात, हे त्यानं जत्रोजत्री बघितलं होतं. म्हणून त्यानं दोन रांगा केल्या. मानाची रांग रस्त्याच्या कडेला, एका अंगाला कनात, बांबूंना झेंडूच्या माळा. साधी रांग पाठीमागं, इंजिनाच्या धुरात. पाळण्याची बसायची एक पेटी मानाच्या रांगेतनं भरायची, पुढची साध्या रांगेतनं. गावात मानकरी असून असून किती असणार? मूठभर माणसं दुप्पट पैसे देऊन पटकन बसतील, बाकीचे मागं धूर खात उभे राहतील. हिशेब सरळ होता. फक्त बाळासोनं ढोलेवाडीत मानकरी किती, हे कुणाला विचारलं नव्हतं.

ढोलेवाडीत मान नसलेलं घर नाही. एका घराकडे देवाच्या छत्रीचा मान, एकाकडे ढोलाचा, एकाकडे भंडाऱ्याचा. पालखीच्या पुढच्या दांडीचा वेगळा, मागच्या दांडीचा वेगळा. दिवटीला तेल घालायचा मान एकाचा आणि तेलाचं भांडं धरायचा दुसऱ्याचा. अशा गावात साध्या रांगेत जाऊन उभं राहायचं म्हणजे बापजाद्यांचा मान आपल्या हातानं इंजिनाच्या धुरात टाकायचा. जो तो पिवळं तिकीट घेत सुटला. कृष्णातनं धक्काबुक्कीत तीन तिकिटं मिळवली, सदऱ्याच्या खिशाला एक टाचलं, आणि थोड्याच वेळात भोंगा म्हणाला, "पिवळी तिकिटं संपली."

ते ऐकून कृष्णातला जे वाटलं, ते त्याला स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं. नानासोनं हे ऐकायला पाहिजे, म्हणून तो टाचा उंच करून जत्रेत बघायला लागला.

रांग मात्र हलेना. एक तर ती देवळाच्या पायरीपर्यंत गेली होती. त्यातनं मानाच्या रांगेत आधी कोण, हा प्रश्न निघाला. पेटी खाली आली की छत्रीवाला म्हातारा कोंडीबा पुढं व्हायचा.

"छत्री देवाच्या डोक्यावर असती. पहिला मी."

"ढोल वाजल्याबिगर तुझी छत्री उघडती व्हय रं, कोंडीबा?" मागनं ढोलवाला म्हणायचा.

"भंडारा उधळल्याबिगर ढोल तरी वाजतोय का?" त्याच्या मागचा विचारायचा.

तोवर पेटी रिकामीच वर निघून जायची. बाळासो हात जोडायचा, बिराप्पाला पंच म्हणून बोलावण्यात आलं, पण त्याच्या घराकडेच मागच्या दांडीचा मान असल्यामुळं त्याचा निकाल कुणी मानेना. इकडं साधी रांग जवळजवळ रिकामी. एक फुगेवाला, दोन परगावचे पाहुणे आणि एक बांगडीवाली अशी चौघं बसत होती, उतरत होती आणि लगेच परत बसत होती. तळावर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे एका नजरेत कळायला पाहिजे होतं. पण कृष्णातची नजर नानासोला शोधण्यात गुंतली होती.

नानासो आला. बाळासोला ओळखणारं कुणी त्याला सापडलं नव्हतं. पिवळं तिकीट संपलेलं. त्यानं जन्मात पहिल्यांदा साधं तिकीट घेतलं, तोंड पाडून मालनसह धुरात जाऊन उभा राहिला, आणि उभा राहतो न राहतो तोच पेटीत जाऊन बसला.

कृष्णातनं वर बघितलं तर त्याच्या डोक्यावरनं नानासोच्या नव्या बुटांचे तळवे जात होते.

"साडूभाऊ," वरनं नानासो ओरडला, "हितनं खरसुंडीपतूर दिसतंय."

वाट बघण्याचा त्रास वेळेनं होत नाही. कृष्णात गाड्यांच्या तळावर दिवस दिवस उभा राहायचा, पण तेव्हा कुणी बूट घालून त्याच्या डोक्यावरनं जात नसे. त्याच्या छातीत काहीतरी पाळण्याबरोबर वर जाऊन खाली यायला लागलं.

"आवं," शालन म्हणाली, "आपण बी त्या रांगंत जाऊ की. मोकळीच हाय."

"मानाची रांग सोडून?"

"मग हितं काय मान मिळतोय? उन्हात उभं केलंय नुसतं."

"थोरला जावई हाय मी. सगळं गाव बघतंय."

"गाव पाळण्याकडं बघतंय. तुमच्याकडं कोण बघतंय?"

नानासोची फेरी संपली. तो उतरला, आणि रांग नाहीच म्हटल्यावर तसाच परत बसला. या वेळी त्यानं वरनं रुमाल हलवला. कृष्णातनं मान खाली घातली आणि बुटांपासून वाचण्यासाठी जमिनीकडे बघत राहिला.

हरणाबाईंचे गुडघे संपले. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "मान तुमचा तुमी धरा. दिवस मावळला तर बांध काय दिसणार? चल गं शालन." आणि आपली पिवळी तिकिटं कृष्णातच्या हातावर ठेवून मायलेकी धुरातनं पलीकडं गेल्या. मामीला कुणाच्याही हाताची गरज लागली नाही. फुगेवाल्यानं सरकून जागा दिली, दांडी बंद झाली आणि हरणाबाई वर गेल्या.

म्हणजे झालं ते असं, की ज्या कामासाठी कृष्णात उभा होता ते काम त्याला सोडून उरकलं. खिशाला एक पिवळं तिकीट, हातात दोन, पुढं कोंडीबा आणि ढोलवाला, डोक्यावर सगळी सासुरवाडी. तोही मुकाट्यानं निघालाच असता. पण नेमका तेव्हाच रस्त्यानं जाणारा एक म्हातारा थांबला.

"काय पाव्हणं, मानाच्या रांगंत? हरणाबाईचं थोरलं जावई न्हवं का तुमी?"

"व्हय," कृष्णात म्हणाला.

"शोभतंय," म्हातारा म्हणाला आणि गेला.

मागनं दुसरा आला, त्यानंही रामराम घातला. देवळाकडनं येणारी प्रत्येक बाई कनातीपाशी कोण कोण उभं आहे ते बघूनच पुढं जात होती. बाळासोनं ही रांग रस्त्याच्या कडेला का ठेवली होती ते आता कृष्णातला उमगलं, आणि त्यानं पाठीचा कणा ताठ केला.

ते वरनं दुसऱ्या एकालाही दिसत होतं. नानासो तिसऱ्यांदा खाली आला तेव्हा त्याच्या हातात रुमाल नव्हता. त्यानं बाकीच्या फेऱ्यांत खरसुंडी बघितलीच नव्हती. त्यानं बघितलं होतं, की सगळं गाव झेंडूच्या माळांखाली उभं आहे, त्यात आपला साडू आहे, येणारा जाणारा त्याला रामराम घालतोय, आणि आपण एका फुगेवाल्याबरोबर धुरात गोल फिरतोय. मालनला तिथंच सोडून तो कनातीपाशी आला आणि बांबूला टेकून उभा राहिला.

"साडूभाऊ, लय वेळ लागतोय का हितं?"

"लागतोय की. मानाची रांग हाय."

"तिकीट कुठनं मिळालं?"

"संपली," कृष्णात म्हणाला. नानासोच्या तोंडावर जे आलं ते त्यानं नीट बघून घेतलं. ते त्याच्या ओळखीचं होतं. वर्षानुवर्षं आरशात बघितलेलं. दुसऱ्याच्या तोंडावर ते किती छान दिसतं, हे मात्र त्याला आज कळलं.

"तुमच्या हातात दोन जादा दिसत्यात," नानासो हळूच म्हणाला. "मामी आन वैनी तर बसल्या तिकडं. एक द्या की. पैसं देतो."

इथं कृष्णातचा खरा पेच झाला. नाही म्हणावं, तर नानासो चिडून परत धुरात जाईल, पाळण्यात बसेल आणि बूट पुन्हा सुरू होतील. द्यावं, तर मानाच्या रांगेत नानासो. त्यानं दोन्ही बाजूंनी विचार केला, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू असा उजेड पडला की कोंडीबानंही भांडण थांबवून वळून बघितलं.

"पैसं कशाला," कृष्णात म्हणाला. "घरचंच हाय की. हे घ्या तिकीट. फकस्त माझ्या मागं उभं ऱ्हावा."

नानासोनं तिकीट खिशाला टाचलं आणि कृष्णातच्या मागं उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कृष्णातला नानासोची पाठ दिसत नव्हती.

सूर्य उतरत आला तसा कोंडीबाचा आणि ढोलवाल्याचा वाद एकदाचा मिटला. रांग हलायला लागली, आणि कृष्णातचा जीव धसकला. पेटी त्याच्यापुढं येऊन थांबली. बाळासो म्हणाला, "बसा पाव्हणं."

कृष्णात वळून मागच्यांकडं बघून म्हणाला, "दिवटीचं तेल कुणाकडं? तुमी व्हय? आवं, मग तुमी आधी. मी काय, जावई माणूस."

दिवटीवाला खूश होऊन बसला. पुढची पेटी आली. कृष्णातनं तेलाचं भांडं धरणाऱ्याला बसवलं. मग पुढच्या दांडीवाल्याला हात धरून नेलं. त्याच्यापुढनं गाव जात होतं आणि तो प्रत्येकाला वाट करून देत होता. फक्त नानासोच्या बाजूनं त्याचा कोपर मुळीच हलत नव्हता.

"साडूभाऊ, चला की आता," मागनं नानासो म्हणाला. "पाय गेलं माझं."

"घाई काय हाय? लागंल नंबर."

"तिकडं मोकळं हाय हो."

"जावा की मग. मी कुठं धरलंय?"

नानासोनं मोकळ्या रांगेकडे बघितलं, खिशावरच्या पिवळ्या तिकिटाकडे बघितलं, आणि रस्त्यावरनं कुणीतरी "काय धाकटं पाव्हणं" म्हटल्यामुळं तिथंच उभा राहिला.

शालन आणि हरणाबाई उतरून आल्या. बांध चांगलाच सरकवलेला दिसला होता, आणि हरणाबाई भावकीला गाठायला पदर खोचून तशाच पुढं गेल्या. शालन नवऱ्यापाशी थांबली.

"आवं, बसला का न्हाई अजून?"

"न्हाई."

"मग तोंड एवढं कशानं फुललंय?"

हात छातीशीच ठेवून कृष्णातनं अंगठ्यानं हळूच मागं दाखवलं.